‘ह’चा पाठ

बुद्धिबळाचा डाव देवनागरीत लिहू लागले की रोमन लिपीत न जाणवणारी एक अडचण उभी राहते. रोमनमध्ये उंटाला मोठा ‘बी’ आणि पटावरच्या दुसऱ्या उभ्या पट्टीला लहान ‘बी’. आपल्या लिपीत लहान-मोठी अक्षरेच नाहीत.

पाचोऱ्याचे माझे काका जन्मभर मराठीतच डाव लिहीत. उभ्या पट्ट्या अ, ब, क, ड, इ, फ, ग, ह. मोहरी रा, व, ह, उ, घ. इंग्रजीत राजा आणि घोडा यांचे आद्याक्षर एकच, म्हणून घोड्याला ‘एन’वर भागवावे लागते. मराठीला ही उसनवारी करावी लागत नाही, याचा त्यांना कोण अभिमान! (आपल्या देशातील रूढ नावाचे आद्याक्षर वापरण्याची मुभा ‘फिडे’च्या नियमांतही आहे.) पण ‘ह’ दोनदा आला होता.

त्यांच्या पश्चात वहीतला एक डाव मांडताना सतराव्या खेळीशी अडलो: ‘ह × ग५’. हत्तीने मारले की ह-पट्टीतल्या प्याद्याने? पटावर दोन्ही शक्य होते. प्याद्याला स्वतःचे अक्षर नसते. अक्षर दिसले नाही की प्यादे समजायचे, असाच नियम आहे. मारताना तेवढी ते आपली पट्टी सांगते. नाव नाही, नुसते गाव.

मग पाठचिकित्सेचाच मार्ग धरला. दोन्ही पाठ घेऊन पुढे खेळत गेलो. एकोणिसावी खेळी ‘ह × ह७’. येथे संशयाला जागा नाही, कारण प्यादे तिरपे मारते, आपल्या पट्टीत नव्हे. आता आधी हत्तीने मारले असेल, तर ह४वरचे प्यादे जागीच राहते आणि ह१वरच्या हत्तीची वाट अडते. ग५वरचा हत्तीही एका खेळीत ह७ला पोहोचत नाही. म्हणजे मारले ते प्याद्याने.

जुन्या इंग्रजी पुस्तकांतला घोळ निराळा होता. तेथे एकाच घराला दोन नावे, प्रत्येक खेळाडूच्या बाजूने एकेक. पांढऱ्याचे चौथे घर ते काळ्याचे पाचवे. दोन निवेदकांनी सांगितलेल्या गोष्टीसारखे ते वाचावे लागे. एका घराला एकच नाव देण्याची पद्धत अलेप्पोच्या फिलिप स्टामाने १७३७च्या आपल्या पुस्तकात वापरली होती. ‘फिडे’ने केवळ तिलाच मान्यता दिली ती १९८१पासून.

छापील मजकुरात मोहऱ्यांची चित्रे वापरावीत, अशी ‘फिडे’ची शिफारस आहे. त्याने छापखान्याचा प्रश्न सुटतो. घड्याळ चालू असताना हाताने लिहिणाऱ्याने मात्र हत्तीला ‘हत’ लिहावे, असे मला वाटते.

वहीतले तीन डाव अजून तसेच आहेत. ते नेमके अशाच ‘ह’वर संपतात. पुढची खेळी नाही, त्यामुळे पाठ ठरवायला आधार नाही. आणि ज्यांनी एका शब्दात सांगितले असते, ते काका नाहीत.