चिखलणीवाचून भात

आज भिवंडी तालुक्यातल्या पडघ्याकडून येताना एका शेतात गादीवाफ्यांवर भात उभा दिसला. राब भाजणं नाही, चिखलणी नाही, आवणीही नाही. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं हे सगुणा भात तंत्र, म्हणजे एसआरटी. वाफे एकदाच करायचे, लोखंडी साच्याने सारख्या अंतरावर भोकं पाडून बी टोकायचं. कापणीनंतर मुळं उपटायची नाहीत. ती तिथेच कुजतात, सेंद्रिय कर्ब जमिनीत राहतो. शेतकऱ्याने मूठभर माती फोडून दाखवली. आत गेल्या सालच्या धसकटाची तपकिरी मुळं आणि त्यांच्या कडेने गांडुळाने केलेली वाट.

भिवंडीची कितीतरी खाचरं गोदामांखाली गेली. उरलेली तरी कसदार राहावीत, असं फार वाटतं.

खताचाही विचार डोक्यातून जात नाही. युरियात 46 टक्के नत्र असतं. युरिया चिखलावर फेकला की त्यातलं बरंचसं नत्र हवेत नि ओढ्यात जातं. त्याच्या गोळ्या, म्हणजे ब्रिकेट, करून मुळांजवळ खोचल्या, तर त्यातलं बरंचसं पिकालाच मिळतं. या तंत्रातला तणनाशकाचा वापर मात्र मला खटकतो. त्याऐवजी कापणीनंतर लगेच वाल टोकून जमीन झाकली तर? शेतकरी म्हणाला, “यंदा निम्म्या वाफ्यांवर करून बघतो.”