गाऱ्हाणे कुणापाशी मांडावे?

‘देव आहे, याविषयी मला शंका नाही, पण तो माणसाच्या रोजच्या जीवनात लक्ष घालतो, हे मला पटत नाही,’ असे सांगणारी माणसे आज आपल्या धर्मग्रामांतही भेटतात. ती नास्तिक नसतात. पुष्कळदा ती आचरणाने सरळ, वाचनाने समृद्ध आणि बोलण्यात संयमी असतात. घरातील वडीलधारी मंडळी मात्र त्यांच्याविषयी चिंतेत असतात, आणि ‘फादर, तुम्हीच त्याला दोन शब्द सांगा’ असा निरोप माझ्याकडे येतो. दोन शब्द सांगण्याआधी त्या माणसाचे म्हणणे नीट समजून घ्यावे, असे मला वाटते. त्याचा विचार कालपरवाचा नाही. त्यामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. इंग्रजीत त्याला डेइझम म्हणतात. मराठीत आपण त्याला तटस्थेश्वरवाद म्हणू.

या मताचा गाभा साधा आहे. हे विश्व कुणा बुद्धिमान निर्मात्याने घडविले आणि त्याला नियम लावून दिले. कुशल घड्याळजीने घडविलेले घड्याळ जसे त्याचा हात न लागता चालत राहते, तसे हे विश्व चालले आहे. निर्माता त्यात ढवळाढवळ करीत नाही. चमत्कार, संदेष्टे, धर्मग्रंथातील प्रकटीकरण, संस्कार यांची गरज नाही. देवाने दिलेली बुद्धी आणि सदसद्विवेक माणसाला पुरेसे आहेत. मरणोत्तर जीवनाविषयी या विचारवंतांत एकमत नव्हते. कुणी ते मानीत, कुणी नाकारीत.

या विचाराचा जनक म्हणून चेर्बरीचा लॉर्ड एडवर्ड हर्बर्ट या इंग्रज सरदाराचे नाव घेतले जाते. पॅरिस येथे इंग्लंडचा राजदूत म्हणून त्याने काम केले आणि तेथेच १६२४ साली सत्याच्या स्वरूपाविषयीचा आपला लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. देव आहे, त्याची भक्ती करावी, सदाचार हाच भक्तीचा मुख्य भाग, पापाबद्दल पश्चात्ताप करावा, आणि बऱ्यावाईटाचे फळ मिळते, ही पाच तत्त्वे सर्व माणसांना उपजतच ठाऊक असतात, असे त्याचे प्रतिपादन होते. त्यावेळी युरोपात तीस वर्षांचे युद्ध (१६१८ ते १६४८) पेटले होते. राजकारण त्यात होतेच. पण कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ख्रिस्ताचे नाव घेऊन एकमेकांची गावे बेचिराख करीत होते. अशा काळात ज्यावर भांडण होणार नाही एवढाच धर्म शिल्लक ठेवावा, असे एखाद्या सज्जनाला वाटले, तर त्यात नवल ते काय?

पुढे हा विचार टॉमस पेन या लेखकाच्या हाती अधिक तिखट झाला. १७९४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द एज ऑफ रीझन’ या पुस्तकात त्याने एका देवावरील विश्वास ठामपणे सांगितला आणि चर्चसंस्थेवर कठोर टीका केली. पेनचे विचार महाराष्ट्रातही पोहोचले. महात्मा जोतीराव फुले यांच्यावर त्यांचा खोल ठसा उमटला. जोतीरावांच्या निधनानंतर १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’तील ‘निर्मिक’ हा सर्व स्त्रीपुरुषांना समान लेखणारा निर्माता आहे. त्याला नैवेद्य नको, नामजप नको आणि मध्यस्थ पुरोहित तर मुळीच नको. माणसाने सत्याने वागावे, हीच त्याची पूजा. जोतीरावांना सरसकट डेइस्ट म्हणणे योग्य होणार नाही. परंतु ज्यांना पुरोहितशाहीने पिढ्यान् पिढ्या दाराबाहेर उभे केले, त्यांना दलालाविना भेटणारा देव किती मोकळा श्वास देऊन गेला असेल, हे समजणे कठीण नाही.

शिवाय या विचाराची पहिली पायरी आपल्यालाही मान्य आहे. निर्माण केलेल्या सृष्टीवरून निर्मात्याची ओळख पटते, असे संत पौलाने रोमकरांस लिहिले आहे. बुद्धीच्या नैसर्गिक प्रकाशात देवाचे अस्तित्व निश्चितपणे जाणता येते, असे पहिल्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १८७० साली जाहीर केले. म्हणजे तटस्थेश्वरवादी आपल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत आलेला असतो. तो आत का येत नाही, एवढाच प्रश्न उरतो.

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात या मताचे खंडन आम्हांला शिकविण्यात आले होते. वहीच्या एका पानात ते मावले. धर्मग्रामात आल्यावर मात्र हा विचार मला चेहऱ्यासह भेटला. विज्ञान शिकविण्यात हयात घालविलेले एक निवृत्त शिक्षक माझ्या परिचयाचे आहेत. त्यांच्या पत्नीला कर्करोग झाला, तेव्हा साऱ्या आळीने नोव्हेना केली, घरोघरी रोझरी झाली, मिस्सा अर्पण झाल्या. बाई गेल्या. काही महिन्यांनी सर मला म्हणाले, “फादर, देवाने सगळ्यांचे ऐकले आणि माझेच नाकारले, असे मानून मला जगता येणार नाही. तो कुणाच्याच विनंतीत लक्ष घालीत नाही, असे मानले की माझा त्याच्यावर राग राहत नाही.”

त्या दिवशी मला या मताचे खरे आकर्षण उमगले. तर्क हे त्याचे बाहेरचे अंग आहे. आत असते ते दुखावलेले मन. नकार देणाऱ्या देवापेक्षा न ऐकणारा देव सोसायला सोपा जातो. ज्याने काही केलेच नाही, त्याला दोष कसा द्यावा? तटस्थेश्वरवाद देवाला आरोपीच्या पिंजऱ्यातून बाहेर काढतो.

पण ही सुटका टिकते का? १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बन शहर भूकंपाने हादरले. चर्च भाविकांनी भरलेली होती. पाठोपाठ समुद्राच्या लाटा आल्या, आगी लागल्या आणि हजारो माणसे मेली. व्होल्तेर हा डेइस्ट फ्रेंच लेखक या घटनेने अस्वस्थ झाला. जे होते ते चांगल्यासाठीच होते, असे सांगणाऱ्या तत्त्वज्ञांवर त्याने १७५६ साली कवितेतून हल्ला चढविला. त्याचा निर्मात्यावरील विश्वास ढळला नाही. पण प्रश्नही सुटला नाही. घड्याळात भूकंपाचे चाक बसविले कुणी? घड्याळजी दूर निघून गेला म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही. देव तटस्थ मानला तरी दुःखाचे कोडे तसेच राहते. जाते ते फक्त त्याच्याशी बोलण्याचे दार.

आणि हेच नुकसान मला सर्वांत मोठे वाटते. पवित्र शास्त्रातील ईयोब देवाशी अक्षरशः भांडला. त्याचे मित्र देवाची वकिली करीत राहिले. ग्रंथाच्या शेवटी देव त्या वकिलांवर रागावतो आणि तक्रार करणारा ईयोबच खरे बोलला, असा निवाडा देतो. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे म्हणजे उघड गाऱ्हाणी आहेत. आपल्या मराठी मातीतही विठ्ठलाला खडसावणारी जनाबाई आणि त्याच्याशी वाद घालणारे तुकोबा झाले. जवळच्याशीच भांडता येते. घड्याळजीवर रुसता येत नाही.

लॉर्ड हर्बर्टच्या घरातच याचे प्रत्यंतर मिळते. त्याचा धाकटा भाऊ जॉर्ज हर्बर्ट हा अँग्लिकन धर्मगुरू आणि कवी होता. १६३३ साली, त्याच्या मृत्यूच्या वर्षीच, प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कविता देवाशी केलेल्या तक्रारींनी, रुसव्यांनी आणि समेटांनी भरलेल्या आहेत. आणि थोरल्याचे काय? ग्रंथ प्रसिद्ध करावा की नाही, अशा संभ्रमात असताना आपण गुडघे टेकून देवाकडे खूण मागितली, आणि निरभ्र आकाशातून एक सौम्य नाद ऐकू आला, असे त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे. डेइझमच्या जनकालाही ऐन निकडीच्या क्षणी ऐकणारा देव हवासा वाटला! मी हे त्याची थट्टा करण्यासाठी सांगत नाही. मनुष्याचे हृदय त्याच्या सिद्धान्तापेक्षा मोठे असते, एवढेच मला त्यात दिसते. आमचे सरही रोज संध्याकाळी पत्नीच्या कबरीपाशी जातात आणि हळू आवाजात तिच्याशी बोलतात.

मग आपण त्यांना काय सांगावे? ‘तुमची श्रद्धा कमी पडली’ असे तर कदापि सांगू नये. ते खोटे आहे आणि क्रूरही आहे. ‘देवाची इच्छा’ हे शब्दही जपून वापरावेत. प्रार्थना म्हणजे नाणे टाकून वस्तू काढण्याचे यंत्र नव्हे, हा तटस्थेश्वरवाद्यांचा आक्षेप नम्रपणे ऐकावा. व्हिसासाठी आणि नोकरीसाठीच देवाची आठवण काढणाऱ्या आपल्याला तो ऐकण्याची गरज आहे. आपल्याजवळ दुःखाचे स्पष्टीकरण नाही. आपल्याजवळ आहे तो क्रूस. प्रभू येशूने गेथसेमनी बागेत प्याला टळावा म्हणून विनंती केली, आणि तो टळला नाही. क्रूसावर त्याने, ‘तू मला का सोडलेस’ या अर्थाचा टाहो फोडला. त्यावेळी आकाशातून उत्तर आले नाही. उत्तर तिसऱ्या दिवशी पहाटे आले. ज्याची प्रार्थना नाकारली गेली, असा माणूस आपल्या देवाला परका नाही, हीच आपली सुवार्ता आहे.

प्रिय वाचकहो, तुमच्या घरात असा कुणी असेल, तर त्याच्याशी वाद घालू नका. रात्रीच्या रोझरीला तो बसला नाही, तरी जेवणाच्या पानावर त्याची जागा असू द्या. त्याच्या वतीने आपण प्रार्थना करावी. आणि तो कधी देवावर चिडून बोललाच, तर त्याला गप्प करू नका. त्याने गाऱ्हाणे मांडायला सुरुवात केली आहे. ते ऐकणारा कुणी आहे, हे त्याच्या मनाने कुठेतरी पुन्हा मानले आहे.