कौलांखालचा कागद

2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानं दापोलीकडच्या आमच्या घराची निम्मी कौलं उडवली. नवी चढवताना सुताराला म्हटलं, "वाशांवर आधी प्लास्टिकचा कागद टाक, मग रीपा मार." वळचणीकडून सुरुवात, वरचा पट्टा खालच्यावर वीतभर. काम चोख झालं. आई तेवढी पुटपुटली, "चुलीचा धूर जायचा कुठून रे?" म्हातारीचं कोण ऐकतो! गळायचं थांबलं, मी खूश.

तिसऱ्या पावसाळ्यात चुलीवरचा वासा नखानं खरवडला, तर ओला भुसाच. वाफ कोंडून लाकूड सादळलेलं. कागदावर रिपांच्या मागे पाला तुंबून त्याही कुजलेल्या. आई तोवर गेली होती.

स्वयंपाकघरावरचा कागद मीच फाडून काढला. आता दोन ठिकाणी गळतं. खाली पातेली ठेवतो.