आतली थरथर

दिवा मालवून आडवं झालं की ती स्पष्ट जाणवते. बरगड्यांच्या मागे, मांड्यांत, कधी कण्यालगत. जवळपास कुठेतरी पिठाची गिरणी चालू असावी तशी. हात समोर धरते, तर बोटं स्थिर. आईने पाठीवर तळहात ठेवला, तिलाही काही जाणवलं नाही.

थायरॉईड, साखर, बी १२ सगळं ठीक आलं. पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांनाही अशी आतली थरथर जाणवते, म्हणून मेंदूविकारतज्ज्ञांनी तेही तपासलं. तसं काही निघालं नाही. कोविडनंतर महिनोन्‌महिने आजारी राहिलेल्या कित्येकांनी हीच तक्रार सांगितली आहे, हे कळल्यावर मात्र मला रडू आलं. म्हणजे मी एकटी नव्हते.

निरोगी माणसाचे हातसुद्धा पूर्ण स्थिर नसतात म्हणे. सेकंदाला साधारण ८ ते १२ वेळा ते अगदी सूक्ष्म कापत असतात, आणि कॉफी, थकवा, भीती यांनी हा कंप वाढतो. माझ्या थरथरीचं मूळ तेच आहे का, हे कुणी ठामपणे सांगत नाही.

‘टेन्शन घेऊ नकोस’ हे वाक्य मला आता सहन होत नाही. काळजीने थरथर वाढते, हे खरं. पण काळजी थरथरीनंतर आली. हा क्रम ऐकून घ्यायला हवा. दिसत नाही म्हणून दुखणं खोटं ठरत नाही.

संध्याकाळचा चहा सोडलाय, थोडा फरक वाटतो. वेळ, झोप, औषधं रोज वहीत टिपते. पुढच्या तपासणीला वही डॉक्टरांसमोर ठेवणार आहे, आणि आईलाही सोबत नेणार आहे.