जुन्या प्रश्नपत्रिकांतली मराठी

दहावीच्या मराठीची तयारी जुन्या प्रश्नपत्रिकांवरून करणे, ही गोष्ट साहित्याच्या अध्यापकांना काहीशी हलकी वाटते. पाठ वाचावा, कविता अनुभवावी, गुण आपोआप मिळतील, असे सांगितले जाते. धुळ्याच्या आसपासच्या खेड्यांतून शहरात शिकायला आलेल्या आम्हा मुलांना हा उपदेश परवडणारा नव्हता. परीक्षेच्या लेखी मराठी आमची 'प्रथम भाषा' होती. घरात मात्र अहिराणी होती.

हे अंतर किरकोळ नव्हे. ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला आणि खानदेशीला १९०७ साली नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली बोलींच्या शेजारी बसवले. २०११च्या जनगणनेतही खानदेशीची मोजणी मराठीपासून वेगळी आहे. भाषा की बोली, हा वाद विद्वानांनी घालावा. उत्तरपत्रिकेत मात्र आम्ही बांधावर उभे होतो. आमचा 'डोया' तिथे 'डोळा' व्हायला हवा होता, 'शाया' 'शाळा' व्हायला हवी होती आणि 'मन्ही माय' 'माझी आई' म्हणून यायला हवी होती.

ज्या शहरात राजवाडे संशोधन मंडळ १९२७पासून जुने कागद जपते आहे, त्याच शहरात आम्हीही मराठी जुन्या कागदांतच शोधली. आमचे कागद होते मागील पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका. दोन गुणांना किती वाक्ये लिहायची, पत्राचा मायना कसा असावा, 'कल्पनाविस्तार करा' म्हणजे नेमके काय करा, हे वर्गात कुणी फोडून सांगत नसे. प्रमाण मराठी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांच्या कानावर त्या भाषेचे वळण लहानपणापासून पडलेले असते. आम्हाला ते कागदावरून उचलावे लागले. म्हणून ज्याला घोकंपट्टी म्हणून हिणवले जाते, त्यात आमच्यापुरता काही न्यायही होता: परीक्षकाची अपेक्षा निदान छापील स्वरूपात समोर होती.

त्याची किंमतही होती. बहिणाबाई चौधरींची कविता आली की वर्गात आम्हीच शहाणे ठरायचो. त्यांची लेवा बोली अहिराणीची सख्खी नसली तरी चुलत बहीण; शब्दार्थांच्या यादीची आम्हाला गरजच पडत नसे. पण सरावाचा प्रश्न असे: बोलीतील शब्दांना प्रमाणभाषेतील शब्द लिहा. उलटा प्रश्न आमच्या पाहण्यात कधी आला नाही. पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका ओळीने सोडवल्यावर मनात एक धडा न शिकवता रुजला, की आपली भाषा ही दुरुस्त करायची गोष्ट आहे.

पुढे मार्च २०१९मध्ये दहावीला नवा अभ्यासक्रम आणि प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. आकृतिबंध, स्वमत, उपयोजित लेखन असे नवे साचे आले आणि जुने गठ्ठे रद्दीत गेले. त्या वर्षी राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० टक्क्यांवर उतरला. भाषा विषयांतले अंतर्गत गुण त्या वर्षापुरते बंद होते, हे त्याचे मोठे कारण. पण मागील वर्षांचा कागदच हाताशी नसलेली ती तुकडी होती, हेही विसरू नये. अंतर्गत गुण पुढच्या वर्षी परत आले. त्यानंतर कृतिपत्रिकांचेही संच झाले आणि 'स्वमत'ही पाठ करता येऊ लागले.

तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका वर्गाबाहेर ठेवून काही साधत नाही. आमच्यातले काही जण आता फळ्याच्या दुसऱ्या बाजूला उभे आहेत. ते या प्रश्नपत्रिका वर्गात पाठासारख्या वाचायला घेतात: हा प्रश्न कोणत्या घरातल्या मुलाला समोर ठेवून काढला असेल, असे विचारतात. मग एक प्रश्न आपल्या पदरचा घालतात: पुढील उतारा आपल्या घरच्या बोलीत लिहा. त्याला गुण नसतात. तरीही एरवी शेवटच्या बाकावर मुकी बसणारी मुले त्या दिवशी पुरवणी मागतात.