फाटलेले पहिले पान

भयकथेचा मराठी संग्राहक प्रकाशकापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो. अमेरिकेत लव्हक्राफ्टचे लेखन ग्रंथरूपाने जपण्यासाठी १९३९ साली 'अर्कम हाउस' निघाले आणि पुढे त्या नावावरच संग्राहक पुस्तके शोधू लागले. आपल्याकडे क्रम उलटा. आम्हां नगरकरांना नारायण धारप (१९२५-२००८) भेटले ते वाचनालयाच्या कपाटात. हातोहात फिरणाऱ्या त्या प्रती टिकाव्यात म्हणून त्यांना जाड पुठ्ठ्याची बांधणी होई. तीत मुखपृष्ठ जाई, पुष्कळदा पहिले पानही. दुष्ट शक्तींशी झुंजणारे धारपांचे 'समर्थ' वाचकांच्या ओळखीचे झाले; त्यांना छापणारा मात्र अनोळखीच राहिला. त्याच प्रती रद्दीत येऊ लागल्या, तेव्हा कुठे आम्ही कथेआधी प्रकाशकाचे नाव पाहू लागलो.

'साकेत'ने धारपांची पुस्तके पुन्हा छापली, २०१८ च्या 'तुंबाड'मुळे त्यांच्या नावाची चर्चा नव्याने झाली. मजकूर वाचला, हे खरेच. परंतु विद्वानांनी दूर ठेवलेल्या या साहित्यावर ज्यांनी प्रथम पदरचे पैसे लावले, त्यांची नोंद त्या गळलेल्या पानावरच होती. वर्गात आम्ही कादंबरीचा इतिहास शिकवतो. त्याला हे पान अजून जोडायचे आहे.