जीपची गळकी खिडकी



आमच्या पेडण्यात पावसाची तयारी मे महिन्यातच सुरू होते. पुरुमेंताची सुकी मासळी, मिरची, सोलं डब्यांत जातात, कौलं परतून होतात, पश्चिमेच्या भिंतीला झावळ्यांचे झाप लागतात. गोव्यात वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. घराची एवढी काळजी घेणारा मी, माझ्या जीपची मात्र दरवर्षी सिलिकॉनच्या एका नळीवर बोळवण करत आलो.

जीप जुनी आहे, हूडची. उन्हाळ्यात हूड मागे टाकला की वाड्यावरची पोरं खूश. पावसाळ्यात हूड वर, पुढच्या दारांना बाजारातून बसवून घेतलेल्या सरकत्या काचा, आणि मागे हूडलाच शिवलेल्या पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या. रविवारच्या मिस्सेला मी वाड्यावरच्या तिघा-चौघा वयस्कांना तिच्यातून नेतो. ही माझी सेवा. थोडा अभिमानही होता तिचा, खोटं कशाला बोलू.

पुढे डाव्या बाजूला माय बसायची. वय ऐंशीच्या पुढे, गुडघे दुखतात, मागे चढता येत नाही. गेल्या पावसात जुलैपासून ती यायची बंद झाली. पहिल्या रविवारी म्हणाली, "गुडघा दुखतो रे पुता." दुसऱ्या रविवारीही तेच. मी म्हटलं, बरं, विश्रांती घे. प्रार्थनेत तिच्या गुडघ्याचं नावही घेतलं.

15 ऑगस्टचा सण जवळ आला, स्वर्गोन्नयनाचा. तो सण माय कधी चुकवत नाही. म्हणून आदल्या आठवड्यात तिच्या घरी गेलो. ती चुलीपाशी चहा करत होती, आणि आत दोरीवर तिची मिस्सेची साडी वाळत होती. मांडीवर येतो त्या भागावर तांबूस पाण्याचे डाग, एकात एक वर्तुळं.

"हे कसले डाग, माय?"

ती आधी बोलेना. मग म्हणाली, "तुझ्या गाडीत पाणी पडतं बाबा. टॉवेल घेऊन बसायची मी. पण भिजलेल्या कपड्यानं देवासमोर किती वेळा जायचं?"

"मग सांगितलं का नाहीस?"

"गाडी तुझी. फुकट बसणाऱ्यानं गळतं म्हणायचं?"

तो चहा मला गिळवेना. एवढी वर्षं मी त्या जीपमध्ये बसतोय, पण कायम उजव्या हाताला, स्टिअरिंगमागे. माझी बाजू कोरडी होती. मायच्या जागेवर मी एकदाही बसलो नव्हतो.

डिचोलीच्या बाजारात एक कुशनवाला आहे, सीट आणि हूड शिवतो. कोलवाळचा पूल ओलांडून, म्हापसा, अस्नोडा करत त्याच्याकडे गेलो. वाटेभर पाऊस. त्याने जीपभोवती एक फेरी मारली, बाहेरून मी फासलेल्या सिलिकॉनच्या पांढऱ्या रेघा पाहिल्या आणि विचारलं, "गळतं कुठून?" मी म्हटलं, "खिडकीतून." तो म्हणाला, "ते बाहेरून नाही कळायचं भाऊ. आत जाऊन बसा."

मग मायच्या जागेवर मी, हातात बॅटरी, आणि बाहेर तो, पाण्याचा पाईप घेऊन. त्याची रीत अशी: पाणी आधी खाली, मग हळूहळू वर. सुरुवातीलाच वरून ओतलं तर सगळं एकदम भिजतं आणि वाट कुठली ते कळत नाही. शिवाय पाणी शिरतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे. हूडच्या शिवणीतून आलेला थेंब आतल्या लोखंडी पाईपवरून हातभर सरकला आणि पाईप वाकतो तिथे पडला. मी आजवर त्या वाकणापाशीच सिलिकॉन लावत होतो.

पण मायच्या मांडीवरचं पाणी ते नव्हतं. सरकत्या काचा ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत फिरतात, तिच्या तळाला बाहेरच्या बाजूने दोन बारीक भोकं असतात. काचेवरचं पाणी पट्टीत उतरणारच, ते त्या भोकांतून बाहेर जातं. माझ्या पट्टीतली एक भोक लाल मातीने बुजलं होतं. दुसरं मी बुजवलं होतं, माझ्या हातांनी, सिलिकॉन लावून, गळती थांबावी म्हणून. पट्टी काठोकाठ भरायची. मग मी डावं वळण घेतलं की सगळं पाणी उजवीकडे, म्हणजे आत, मायच्या मांडीवर. इगर्जीकडे वळतानाचं वळणही डावंच आहे.

नोहाच्या तारवाची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात देव त्याला तारू आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून डांबरायला सांगतो. हा तपशील मी कितीदा वाचला असेन, पण त्या दिवशी ओल्या सीटवर बसून मला पहिल्यांदा जाणवलं की आतून डांबर लावायला नोहाला आत जाऊन वाकावं लागलं असणार, जिथे जनावरं झोपणार होती तिथे. मी बाहेरूनच नळी फिरवत राहिलो. आणि उपदेशकाच्या दहाव्या अध्यायात आळशी हातांमुळे घर गळतं असं म्हटलंय, ते मी नेहमी दुसऱ्यांना लावून वाचत असे. माझे हात आळशी नव्हते. भोक मी मेहनतीनेच बुजवलं होतं.

कुशनवाल्याने जुनं सिलिकॉन ब्लेडने खरवडायला लावलं, कारण त्यावर नवीन काही चिकटत नाही. दोन तास मी तेच करत होतो. भोकं तारेने मोकळी केली. काचेचं रबर त्याने दहाच्या नोटेने तपासलं: नोट मध्ये धरून काच लावायची आणि ओढायची. जिथे सहज सुटते तिथे रबर मेलेलं. तसं दोन ठिकाणी निघालं, ते बदललं. शिवणीवर त्याने आतून पट्टी चिकटवली. त्यासाठी हूड पूर्ण कोरडा हवा, आणि ऑगस्टात कोरडं काय असतं? जीप दोन दिवस त्याच्या शेडमध्ये राहिली. मी बसने घरी आलो.

परत आल्यावर आधी मायकडे गेलो आणि माफी मागितली. ती म्हणाली, "माफी कसली, साडी धुतली की झालं." पण माझ्याकडे न बघता म्हणाली.

सणाच्या सकाळी पाऊस वाकडाच होता. माय आली, टॉवेल घेऊन. डावं वळण आलं तेव्हा तिने टॉवेल मांडीवर पसरला आणि काचेकडे बघत राहिली. इगर्जीपाशी उतरताना तो कोरडाच घडी करून पिशवीत ठेवला. मागच्या प्लास्टिकच्या खिडकीपाशी मात्र अजून एक थेंब येतो. आता रविवारी गाडी माझा भाचा चालवतो आणि त्या थेंबाखाली मी बसतो, अजून वाट सापडली नाही.